पिवळ्या दिव्याची साक्ष

वाई मागे टाकून पसरणी घाटाची चढण सुरू झाली आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडीच्या चालीत काहीच फरक नव्हता. आवाज नेहमीचा, टेम्परेचरचा काटा जागेवर, पिकअपही ठीक. पाचगणीला पोहोचल्यावर गाडी बंद करून पुन्हा सुरू केली, तरी दिवा तसाच. घरी परतल्यावर एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. तिथल्या मुलानं स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला, दोन मिनिटांत पडद्यावर ‘पी ०१७१’ असा कोड आला आणि ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय’ असा निकाल लागला. सेन्सर बदलला, काही हजारांचं बिल झालं, दिवा विझला. दोन आठवडे पुरते झाले नव्हते, तोच तो पुन्हा लागला. कोडही तोच.

दुसऱ्या गॅरेजमधल्या वयस्क मिस्त्रींनी तोच कोड वाचला, पण लगेच काहीच बदललं नाही. इंजिन चालू ठेवून त्यांनी स्कॅनरवरचे आकडे पाहिले, रेस वाढवून पुन्हा पाहिले, मग बोनेटमध्ये वाकून कान लावला आणि इंजिनाच्या मागच्या अंगाची एक रबरी नळी बोटांनी चिमटली. इंजिनाचा सूर बदलला. नळीला खालच्या बाजूनं चीर गेली होती. ती बदलायला सेन्सरच्या किमतीचा दहावा हिस्साही लागला नाही.

दोन्हीकडे कोड तोच होता. फरक पडला तो कोड वाचल्यानंतर काय केलं, यानं. हा फरक गाडीमालकाला कळला तर त्याचे पैसे वाचतात, मनस्ताप वाचतो आणि गाडीचा धूरही कमी होतो. त्यासाठी हा दिवा कुठून आला, त्याला काय कळतं आणि काय कळत नाही, हे आधी पाहायला हवं.

हवेसाठी लागलेला दिवा

या दिव्याची गोष्ट अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात सुरू होते. १९४३च्या उन्हाळ्यात त्या शहरावर डोळे चुरचुरवणारं, घसा खवखवणारं धुकं इतकं दाटलं, की युद्धाच्या दिवसांत लोकांना शत्रूनं विषारी वायू सोडल्याची शंका आली. पुढची काही वर्षं हे धुकं येत राहिलं. त्याचं कोडं सोडवलं आरी हागन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञानं. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये तो अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होता. वासाची द्रव्यं वेगळी काढण्याची तीच विद्या त्यानं शहराच्या हवेवर वापरली. गाड्यांच्या धुरातलं न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन आणि इतर जाचक द्रव्यं तयार होतात, हे त्यानं १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. १९६७ साली कॅलिफोर्नियानं हवेच्या रक्षणासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केलं, आणि त्याचा पहिला अध्यक्ष हागन-स्मिटच झाला.

याच मंडळाच्या पुढं एक व्यावहारिक अडचण आली. कारखान्यातून बाहेर पडताना गाडीचा धूर स्वच्छ असतो; पण चार वर्षांनी, ऐंशी हजार किलोमीटरनंतर तो तसाच आहे हे कोण पाहणार? प्रत्येक गाडीमागं तपासनीस ठेवता येत नाही. तेव्हा गाडीतच तपासनीस बसवायचा, असं ठरलं. १९८८च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या गाड्यांना स्वतःची तपासणी स्वतः करणारी यंत्रणा सक्तीची झाली. तिचं इंग्रजी नाव ‘ऑन बोर्ड डायग्नोस्टिक्स’, म्हणजे ओबीडी. पण प्रत्येक कंपनीचं सॉकेट वेगळं, कोड वेगळे, यंत्रं वेगळी. म्हणून दुसरी पिढी आली, ओबीडी-२. आणि १९९६पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटारींना एकच सॉकेट आणि कोडांची एकच भाषा लागू झाली. युरोपनं २००१ साली पेट्रोल गाड्यांसाठी ही वाट धरली.

आपल्याकडे १ एप्रिल २०१० रोजी तेरा शहरांत भारत स्टेज ४ची मानकं आली. त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर ही महाराष्ट्रातली तीन शहरं होती. त्याबरोबर ओबीडीचा पहिला टप्पा आला. त्यात मुख्यतः सेन्सरची तार तुटली का, जोडणी शाबूत आहे का, एवढंच पाहिलं जाई. २०१३ साली दुसरा टप्पा आला आणि गाडी स्वतःच्या धुरावरही लक्ष ठेवू लागली. १ एप्रिल २०२०पासून देशभर भारत स्टेज ६ लागू झालं, आणि तेव्हापासून नव्या मोटारसायकली आणि स्कूटरवरही हा पिवळा दिवा दिसू लागला.

हा इतिहास लक्षात ठेवला की ‘गाडी तर मस्त चालतेय, मग दिवा का?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर सापडतं. दिव्याला गाडी किती छान धावते याच्याशी फारसं कर्तव्य नाही. गाडीतून बाहेर पडणारा धूर ठरलेल्या मर्यादेबाहेर जातोय, किंवा जाण्याची शक्यता आहे, असं वाटलं की तो लागतो. चालकाला काही जाणवण्याच्या कितीतरी आधी तो बोलू शकतो, आणि म्हणूनच तो उपयोगी आहे.

इंजिनाला कळतं तरी कसं?

पेट्रोल पूर्ण जळायचं तर एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा याहून जास्त झाली तर मिश्रण ‘लीन’, इंधन जास्त झालं तर ‘रिच’. हा मेळ साधायचं काम ईसीयू करतो, म्हणजे गाडीतला छोटा संगणक. आपला अंदाज बरोबर आला का, हे त्याला सांगतो सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर. १९७६ साली बॉश कंपनीचा असा सेन्सर प्रथम व्होल्वोच्या गाड्यांत आला. जुन्या धाटणीच्या सेन्सरचं काम सोपं असतं. जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन उरला असेल तर तो सुमारे ०.१ व्होल्ट देतो, उरला नसेल तर सुमारे ०.९ व्होल्ट. संगणक त्यावरून इंधन थोडं वाढवतो, थोडं कमी करतो, आणि हा खेळ इंजिन चालू असेपर्यंत अखंड चालतो. किती वाढवलं, किती घटवलं, याचा टक्क्यांतला हिशेबही तो ठेवतो. त्याला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात. पुढं हा शब्द कामाला येणार आहे.

यानंतर येतो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रं असलेला चिनीमातीसारखा ठोकळा, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप. धुरातले घातक वायू इथं बऱ्याच अंशी निरुपद्रवी होतात. हा कन्व्हर्टर काम करतोय का, हे पाहण्यासाठी त्याच्या पुढं दुसरा ऑक्सिजन सेन्सर असतो. चांगला कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवतो आणि गरजेनुसार सोडतो, त्यामुळं पहिल्या सेन्सरचा व्होल्टेज वरखाली होत असला तरी दुसऱ्याचा जवळजवळ स्थिर राहतो. दुसराही पहिल्यासारखाच नाचू लागला की संगणक ओळखतो: कन्व्हर्टरची साठवण्याची ताकद सरली.

एखादा सिलिंडर ‘मिसिंग’ मारतोय हे ओळखण्याची रीत तर याहून देखणी आहे. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरत असेल तर सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगीबरोबर क्रँकशाफ्टला एक धक्का मिळतो. एक ठिणगी वाया गेली तर तो शाफ्ट केसभर मंदावतो. क्रँक सेन्सर दातेरी चक्राचे दाते मोजत असतो. दोन दात्यांमधला वेळ किंचित वाढला की संगणकाला कळतं, आणि कोणत्या सिलिंडरची पाळी होती तेही कळतं.

तरी एकदा काही चुकलं म्हणून लगेच दिवा लागत नाही. बहुतेक दोषांच्या बाबतीत संगणक आधी तात्पुरती नोंद करतो, तिला ‘पेंडिंग कोड’ म्हणतात. गाडी पुन्हा बाहेर काढल्यावर पुढच्या एक-दोन फेऱ्यांतही तोच दोष दिसला, तरच कोड पक्का होतो आणि दिवा लागतो. दोष निघून गेला आणि लागोपाठ तीन फेऱ्या ठीक गेल्या, तर दिवा आपोआप विझतो. कोड मात्र स्मरणात राहतो. इंजिन सुमारे चाळीस वेळा थंड होऊन पुन्हा तापलं की मग तो पुसला जातो. म्हणून दिवा स्वतःहून विझला तरी कोड वाचून घेण्यात शहाणपण आहे.

दिवा लागला, आता?

सगळ्यात आधी रंग पाहावा. लाल दिवा म्हणजे थांबा. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला तर शक्य तितक्या लवकर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावं. ऑइलच्या दाबाशिवाय काही मिनिटं चाललेलं इंजिन कायमचं निकामी होऊ शकतं. टेम्परेचरचा लाल दिवा लागला तरी तसंच थांबावं, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नये.

पिवळा इंजिनाचा दिवा स्थिर असेल आणि गाडीची चाल नेहमीसारखी असेल, तर प्रवास अर्धवट सोडायची गरज नसते. जोर न देता घरी यावं आणि दोन-चार दिवसांत गाडी तपासून घ्यावी. महिनोन्‌महिने दुर्लक्ष मात्र करू नये, कारण एक दोष दिवा अडवून बसला की मागून आलेला दुसरा दोष कळत नाही.

पिवळा दिवा उघडझाप करत असेल तर गोष्ट वेगळी आहे. याचा अर्थ सिलिंडर इतकं मिसिंग मारतोय, की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथं पेटतंय. त्या उष्णतेनं आतला ठोकळा वितळू शकतो. शंभर-दोनशेंचा प्लग वेळेवर न बदलल्यामुळं हजारो रुपयांचा कन्व्हर्टर जातो, तो असा. अशा वेळी ॲक्सिलरेटर लगेच सैल सोडावा. तरीही उघडझाप थांबली नाही, तर गाडी थांबवून मदत बोलवावी.

आणखी एक साधी गोष्ट. दिवा लागला त्या क्षणाची नोंद करावी. इंजिन थंड होतं की गरम, चढ होता की सिग्नलला उभे होतात, पेट्रोलवर की सीएनजीवर, नुकतंच इंधन भरलं होतं का, आदल्या रात्री पाऊस झाला का. डॉक्टरला ‘ताप संध्याकाळी येतो’ हे सांगण्याइतकंच हे मोलाचं असतं. संगणकही असाच एक क्षण टिपून ठेवतो. त्याला ‘फ्रीझ फ्रेम’ म्हणतात. कोड पडला तेव्हा वेग किती, इंजिनाचे फेरे किती, पाणी किती तापलेलं, इंजिनावर भार किती, हे त्यात दिसतं. बऱ्याच ठिकाणी ते उघडूनही पाहिलं जात नाही.

कोडाची भाषा

स्कॅनर जोडायचं सॉकेट चालकाच्या बाजूला, डॅशबोर्डखाली, गुडघ्यांच्या आसपास असतं. सोळा पिनांचं, एका अंगाला निमुळतं. यात बसणारा छोटा ब्लूटूथ ॲडॉप्टर आता ऑनलाइन स्वस्तात मिळतो आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये कोड दिसतो. गॅरेजला जाण्याआधी कोड स्वतः वाचलेला असणं चांगलं. निदान समोरचा माणूस काय बोलतोय ते समजतं.

कोडात एक अक्षर आणि त्यापुढं सहसा चार आकडे असतात. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, ‘सी’ म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, ‘बी’ म्हणजे एअरबॅग, एसी यांसारख्या बॉडीतल्या गोष्टी, आणि ‘यू’ म्हणजे गाडीतल्या संगणकांचं आपसातलं बोलणं. पुढचा आकडा शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान, एक असेल तर त्या कंपनीचा खास. तिसऱ्या जागेवरून विभाग कळतो: एक किंवा दोन म्हणजे हवा-इंधन, तीन म्हणजे ठिणगी आणि मिसिंग, चार म्हणजे धुराचं नियंत्रण. पी ०३०४ म्हणजे चौथा सिलिंडर मिसिंग मारतोय. पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली गेली. आणि माझ्या वाट्याला आलेला पी ०१७१ म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त किंवा इंधन कमी.

हे वाक्य पुन्हा वाचावं. पी ०१७१ असं म्हणत नाही की ऑक्सिजन सेन्सर बिघडला. तो म्हणतो, धुरात ऑक्सिजन जास्त आहे. ही गोष्ट संगणकाला सांगितली कुणी? ऑक्सिजन सेन्सरनं. म्हणजे सेन्सरनं आपलं काम चोख केलं, खरी बातमी दिली, आणि आपण त्यालाच उपटून फेकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

साक्ष आणि निकाल

कोड ही एक साक्ष आहे. साक्षीदारानं काय पाहिलं ते तो सांगतो. गुन्हा कुणी केला हे ठरवायला तपास लागतो. जाणते मिस्त्री हा तपास कसा करतात, याची काही उदाहरणं पाहू.

माझ्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरनंतर लगेच बसवलेला आहे. त्याच्या पुढं कुठं चीर गेली, तर तिथून शिरणारी हवा न मोजता इंजिनात जाते. संगणक मोजलेल्या हवेइतकंच इंधन सोडतो, आणि मिश्रण लीन होतं. मिस्त्रींनी पाहिलेले आकडे फ्युएल ट्रिमचे होते. गाडी उभी असताना संगणक तेवीस टक्के जादा इंधन ओतत होता. रेस वाढवून इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर नेलं, तेव्हा जादा इंधन पाच टक्क्यांवर आलं. आयडलिंगला इंजिन मुळात थोडी हवा घेतं आणि आत ओढही जोरदार असते, म्हणून चिरेतून आलेल्या हवेचा वाटा मोठा. रेस वाढली की एकूण हवा कितीतरी वाढते आणि तो वाटा नगण्य होतो. आकडे याच्या उलट असते, म्हणजे आयडलिंगला ठीक आणि रेस वाढवल्यावर लीन, तर त्यांनी नळ्या सोडून फ्युएल पंप आणि फिल्टर तपासला असता. कोड तोच, पण दोन आकड्यांनी तपासाची दिशा ठरवली. चीर कानाला, हाताला सापडली नाही, तर इंजिनाच्या हवेच्या वाटेत यंत्रानं धूर सोडतात. जिथून धूर बाहेर येतो तिथं गळती.

मिसिंगचा कोड आला, समजा पी ०३०१, तर पहिल्या सिलिंडरचा इग्निशन कॉइल काढून दुसऱ्यावर बसवायचा आणि दुसऱ्याचा पहिल्यावर. कोड पुसून गाडी चालवायची. आता कोड पी ०३०२ आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइल खराब. पी ०३०१च राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन या क्रमानं पुढं. या परीक्षेला एक नवा पैसा लागत नाही.

काही कोड थेट तारेकडे बोट दाखवतात. आत येणाऱ्या हवेचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा कपलर निघाला किंवा तार तुटली, तर स्कॅनरवर उणे चाळीस अंश असा आकडा दिसतो. मे महिन्यात जळगावला उभी असलेली गाडी उणे चाळीस अंशांची हवा घेत असेल, तर सेन्सर मागवण्याआधी कपलर पाहायचा, हे कुणालाही पटेल. लाइव्ह डेटाचे, म्हणजे स्कॅनरवर त्या क्षणी दिसणारे, आकडे असे व्यवहारज्ञानानं वाचायचे असतात.

आणि पी ०४२०. हा कोड दिसला की महागडा कन्व्हर्टर बदलायची भाषा सुरू होते. पण त्याआधी सायलेन्सरच्या पाइपला दुसऱ्या सेन्सरच्या आधी भोक पडून बाहेरची हवा आत शिरत नाही ना, हे पाहायला हवं. आणि कन्व्हर्टर खरोखर गेला असेल, तर तो का गेला हे आधी शोधायचं. मिसिंग किंवा इंजिन ऑइल खाणं हे मूळ दुखणं तसंच राहिलं, तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेनं जातो.

आपल्या मातीतली कारणं

अमेरिकेतली माहिती वाचली तर पहिला सल्ला असतो: पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट आहे का पाहा. तिथल्या गाड्या टाकीतून वाफ गळते का हेही तपासतात, त्यामुळं झाकण सैल राहिलं तरी दिवा लागतो. आपले नियम युरोपच्या धर्तीवर बेतलेले. त्यांत अशा गळतीच्या तपासाची सक्ती नव्हती. त्यामुळं आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत झाकणाचा हा उपाय लागू पडत नाही.

आपली कारणं वेगळी आहेत. पहिलं कारण उंदीर. रात्री गरम इंजिनाच्या उबेला उंदीर-घुशी बोनेटमध्ये शिरतात आणि तारा कुरतडतात. एक तार तुटली की एकाच वेळी चार-पाच कोड पडू शकतात. असे ढीगभर कोड एकदम आले, तर सगळे सेन्सर एकाच रात्री गेले असं समजू नये. सगळ्यांना जोडणारी तार, फ्यूज किंवा अर्थिंग आधी पाहावं. दुसरं कारण पावसाळा. कपलरमध्ये पाणी शिरतं, पिनांवर हिरवट गंज चढतो. इंजिन प्रेशरच्या पाण्यानं धुतल्यावर दिवा लागतो, तोही याचमुळं.

तिसरं कारण सीएनजी. गॅसमध्ये ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतो. म्हणून झिजलेला प्लग किंवा थकलेला कॉइल पेट्रोलवर निभावून नेतो आणि गॅसवर उघडा पडतो. ‘पेट्रोलवर ठीक, गॅसवर मिसिंग’ अशी तक्रार असेल तर आधी प्लग पाहावेत. बाहेरून बसवलेल्या किटचं ट्यूनिंग बिघडलं तर लीन-रिचचे कोड येतात. तिथं किट बसवणाऱ्याकडेच जावं लागतं.

चौथं कारण भारत स्टेज ६च्या डिझेल गाड्यांचं. त्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी सुमारे ६०० अंश तापमानाला जाळून टाकली जाते. पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग, एका लयीत चालावी लागते. रोज घर ते ऑफिस पाच किलोमीटर, तेही सिग्नल-सिग्नलवर थांबत, अशा गाडीला ती संधीच मिळत नाही. डीपीएफचा वेगळा दिवा लागतो तेव्हाच गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणं मोकळ्या रस्त्यावर चालवली, तर फिल्टर सहसा स्वतःला साफ करतो. तो दिवा दुर्लक्षिला, की मागून इंजिनाचा दिवा लागतो आणि गाडी ताकद कमी करून घेते. ज्यांची रोजची धाव फक्त शहरात आणि थोडी आहे, त्यांनी गाडी घेतानाच याचा विचार करावा.

पुसलेला कोड आणि जुनी गाडी

बॅटरीची तार काढून ठेवली किंवा स्कॅनरनं कोड पुसला, की दिवा विझतो. यात दुरुस्ती काहीच नसते. उलट फ्रीझ फ्रेमही पुसली जाते आणि नंतर तपास करणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. म्हणून कोडाचा आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढल्याशिवाय कुणालाही कोड पुसू देऊ नये.

सेकंडहँड गाडी घेताना हे ज्ञान फार कामी येतं. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, पिवळा दिवा लागलाच पाहिजे, आणि सुरू झाल्यावर विझला पाहिजे. सुरुवातीला लागलाच नाही, तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. दुसरी खूण ‘रेडिनेस’ची. कोड पुसला की संगणकाच्या साऱ्या आत्मपरीक्षा कोऱ्या होतात आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांची धाव लागते. स्कॅनरवर दिवा विझलेला, कोड एकही नाही, पण परीक्षा बहुतेक अपूर्ण, असं दिसलं तर कोड नुकताच पुसलाय असं समजावं. बॅटरी नुकती बदलली असेल तरीही असं होतं, म्हणून विक्रेत्याला विचारावं, आणि आठवडाभरानं पुन्हा स्कॅन करावं. पीयूसीचा कागद ताजा असला तरी ही तपासणी टाळू नये. तिथं सायलेन्सरमध्ये नळी घालून त्या घटकेचा धूर मोजतात, गाडीच्या स्मरणात काय साठलंय हे विचारत नाहीत.

तपासाची किंमत

गॅरेजमध्ये गेल्यावर चार प्रश्न विचारावेत. कोड कोणता आला? फ्रीझ फ्रेममध्ये काय दिसलं? हाच भाग खराब आहे हे कोणत्या परीक्षेनं ठरलं? आणि बदललेला जुना भाग परत मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘कोडच तसा आलाय’ एवढंच असेल, तर भाग बदलण्याआधी थांबावं. दुरुस्तीनंतर गाडी दोन-तीन दिवस चालवून कोड पुन्हा वाचावा, कारण दुरुस्त झालं की नाही हे त्या फेऱ्यांनंतरच कळतं.

यात आपल्याकडूनही एक गोष्ट बदलायला हवी. नव्या भागाचे पाच हजार आपण मुकाट्यानं मोजतो, आणि तासभर तपासून काढलेल्या निदानाचे पाचशे द्यायला कुरकुरतो. ‘नुसतं बघायचे पैसे?’ असं ऐकून घेतलेला मिस्त्री पुढच्या वेळी बघत बसत नाही. तो भाग बदलतो, कारण त्याचेच पैसे मिळतात. म्हणजे अंदाजानं भाग बदलण्याची सवय काही अंशी आपणच त्याला लावली.

मला ती चीर दाखवणाऱ्या मिस्त्रींनी नळीची किंमत आणि तपासणीचे पैसे वेगवेगळे लिहून दिले. तपासणीचा आकडा नळीपेक्षा मोठा होता. तो वाचून क्षणभर जुन्या सवयीनं हात अडखळला, आणि मग पूर्ण रक्कम दिली. त्या आकड्यात त्यांचा कान होता, बोटं होती आणि भाग बदलायची घाई न करण्याचा संयम होता. दिवा तेव्हा विझला, तो अजून लागलेला नाही.